शरमेनं मेलेलं आठवं डुक्कर

डुकरं सात होती. या आकड्यावर महमूद सोलकर एकतीस वर्षं ठाम राहिला. सहा नाही, नऊ नाही, सात. शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहतात तशी एका ओळीत, कलमांच्या बागेत, पहाटेच्या धुक्यात. त्याच्या हातात बापाची एकनळी बंदूक आणि नळीत एकच काडतूस. बार झाला. गोळी पहिल्याच्या कानात शिरली ती सातव्याच्या शेपटीतून बाहेर पडली, आणि पुढे जाऊन फणसाला लागली तर फणस पिकला. बाजूला एक आठवं डुक्कर उभं होतं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण सातही भावंडं डोळ्यांदेखत गेली आणि आपल्यासाठी कुणी अर्धं काडतूसही खर्च केलं नाही, या शरमेनं ते जागच्या जागी मेलं.

ही गोष्ट बहरैनच्या गुदैबिया भागातल्या हॉटेलांत करक चहाच्या किती पेल्यांबरोबर खपली याची गणती नाही. महमूद मीना सलमान बंदरावरच्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. जहाजांना लागणारे दोरखंड, रंगाचे डबे, नटबोल्ट हे त्याचं राज्य. दिवसभर तो बोल्टाची साइज एक सूतही इकडची तिकडे होऊ देत नसे. मग संध्याकाळी तोच माणूस हॉटेलात बसून डुकराला टेम्पोएवढं करी. लोक म्हणत, महमूदभाई खोटं बोलत नाहीत, खरं त्यांना अपुरं पडतं.

बंदूक मात्र खरी होती. बारा बोअरची एकनळी, कोकणातल्या कोंडसवणीच्या सोलकरांची. अब्बांनी शेतीच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढून घेतलेली. अब्बा गेले तेव्हा परवाना महमूदच्या नावावर झाला, आणि तो स्वतः इकडे असल्यामुळे परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीनं बंदूक वापरणारा म्हणून, शेजारच्या गुंडू मांडवकरचं नाव चढलं. बागेला लागून गुंडूची काजूची वाडी. गेली एकोणीस वर्षं तोच दोन्ही राखत होता. संध्याकाळी उतरणीवर उभं राहून एक बार आभाळात टाकायचा, की वानरं आणि डुकरं आठ दिवस पलीकडच्या डोंगरावर. राखण म्हणजे एवढीच.

गुदैबियात महमूदला सगळं मिळे. कोकमं मिळत, सुके बोंबील मिळत, बायकोच्या, नसीमाच्या हातची तांदळाची भाकरी घरात मिळे. मिळत नव्हता तो बार. त्याचा आवाज, आणि त्यानंतर सगळं रान श्वास धरतं तो क्षण. त्यासाठी त्याचा जीव असा तुटे की मीना सलमानला कुणी लोखंडी फळी आदळली तरी तो हातातलं काम सोडून वर बघत राही.

त्या वर्षी निवडणुका दोनदा आल्या. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. गुंडू दोन्ही वेळा खाडी ओलांडून जाऊन देऊन आला आणि पावतीचा फोटो महमूदला पाठवला. दुसऱ्या खेपेला फोनवर महमूद तडकला.

"आणि डुकरांचा काय? त्यांना आचारसंहिता लागली काय?"

"नाय ना भाई," गुंडू म्हणाला. "ती तर प्रचारालाच आल्यासारी फिरतायत. काल रताळ्याचा मळा उखडला."

"आणि त्या सड्यावरच्या चोरट्या बंदुका? त्या कोण जमा करतो?"

"त्या कागदावर नायत, तर जमा कशा करतील?"

"म्हणजे आपण नाव, पत्ता, नंबर लिवून दिला, म्हणून आपणच सापडतो."

"व्हय की."

निवडणुका संपल्या, गुलाल धुतला गेला, पण बंदूक परत येईना. आणि मग ती का येणार नाही हे कळलं, तेही पेपरातून.

झालं असं होतं की हिवाळ्यात कोकणी मंडळींची सहल होती. अर्शद नावाचा एक उत्साही गृहस्थ मोबाइलवर गल्फमधल्या कोकण्यांचा चॅनेल चालवत असे. त्यानं महमूदसमोर फोन धरला आणि म्हणाला, भाई, ती डुकरांची होऊन जाऊ दे. समोर साठ-सत्तर माणसं बसलेली, बिर्याणीचा वास सुटलेला. महमूदनं सात डुकरं पाडली, आठवं शरमेनं मारलं, वर दरडीवरचा बिबट्याही काढला. टाळ्या पडल्या. व्हिडिओ गावोगाव फिरला, आणि फिरत फिरत 'दैनिक खाडीकिनारा'च्या कचेरीत पोचला.

'परदेशी मालकाचा रानात हैदोस. एका बारात आठ रानडुकरांची कत्तल.' पहिल्या पानावर. खाली चौकट: 'बंदूक परवाने हवेतच कशाला?' आणि सोबत बंदुकीचा फोटो. तो फोटो बघून महमूदला पहिल्यांदा बातमीचा रागही आला नाही, हसूच आलं. तसली बंदूक कोंडसवणीत कुणी आणली असती तर ती उचलायलाच चार माणसं लागली असती. गोळ्यांचा पट्टा काय, तिच्याखाली तिवई काय!

त्यानं संपादकांना फोन लावला.

"सोलकर, आम्ही मनानं काही लिहिलेलं नाही," संपादक म्हणाले. "तुमच्याच तोंडचं आहे. आमच्याकडे व्हिडिओ आहे."

"अवो, मग छापायच्या आधी मना एक फोन का नाय केलात?"

"व्हिडिओत तुम्हीच बोलताय. फोन कशाला?"

"त्याच व्हिडिओत माझ्या गोळीनं फणस पिकलाय. तो का नाय छापलात?"

संपादकांनी तिकडे पान उलटलं. मग म्हणाले, "फणस संरक्षित नाही."

पंधरा दिवसांत जिल्हा कचेरीतून कारणे दाखवा नोटीस आली. मुद्दे दोन. एक, परवानाधारकाने स्वमुखाने बेकायदा शिकार कबूल केली आहे. दोन, परवानाधारक परदेशात राहतो. शपथपत्रावर खुलासा करा, सुनावणीला व्हिडिओवर हजर राहा. खुलासा पटला नाही तर परवाना रद्द, बंदूक सरकारजमा. सरकारजमा बंदुकीचं पुढे काय होतं हे महमूदला ठाऊक होतं. भट्टीत घालून वितळवतात.

मुलगी नाझिश हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर काम करी. शिफ्ट संपवून ती घरी आली, नोटीस वाचली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "अब्बा, जस्ट लेट इट गो. वी लिव्ह हिअर. गन कशाला पाहिजे आपल्याला?"

"आपल्याला नाय पाहिजे. बागेला पाहिजे."

"पीपल थिंक यू आर सम क्रिमिनल."

"म्हणूनच नाय सोडणार. सोडली तर ते छापलं ते खरं ठरेल." महमूदनं नोटीस तिच्या हातातून घेतली. "तुझ्या दाद्यानं तीस वर्षं हा परवाना सांभाळला. एकदाही तारीख चुकवली नाय. गुन्हा करणारा माणूस दर तीन वर्षांनी पोलिसाला सलाम करायला जातो काय गं?"

नाझिशनं नसीमाकडे पाहिलं. नसीमानं डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नको.

शपथपत्र टाइप करायला शुक्रवारी दुपारी अँब्रोज तुस्कानो आला. वसईचा माणूस, एका हॉस्पिटलच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघायचा, आणि सव्वीस वर्षं महमूदच्या गोष्टींचा पहिला श्रोता. त्यानं लॅपटॉप उघडला, बोटं मोडली आणि म्हणाला, "चल, सांग. सुरुवात कुठून करायची?"

"लिव. मी खाली सही करणार, शपथेवर सांगतो की मी आजवर सांगितलेल्या सगळ्या शिकारी खोट्या आहेत."

"असं मोघम चालणार नाही रे. तुझा तिकडचा वकील फोनवर बोलला ना, एकेक घटना नंबर टाकून लिहा."

"मग टाक नंबर. एक. सात डुकरं. खोटी."

अँब्रोजची बोटं थांबली. "सातही?"

"सातही."

"मला वाटायचं, निदान दोन असतील. दोनाची तू सात केलीस." तो स्क्रीनकडे बघत राहिला. "आणि आठवं?"

"सातच नसतील तर आठवं कशाची शरम धरील, अँब्रोज?"

अँब्रोजनं टाइप केलं. दुसऱ्या नंबरला नदीतली सुसर गेली. तिसऱ्याला उडत्या घारीच्या चोचीतला मासा, जो गोळीनं थेट तव्यात पाडला होता. महमूद एकेक सांगत होता आणि अँब्रोज तोंड पाडून एकेक पुरत होता.

"सहा. दरडीवरचा बिबट्या."

"नाय रे बाबा." अँब्रोजनं हात मागे घेतले. "बिबट्यापण?"

बिबट्याची गोष्ट अशी, की बार ऐकून तो दरडीवरच बेशुद्ध पडला, आणि महमूदनं त्याच्या तोंडावर पाणी मारून, कांदा हुंगवून, त्याला शुद्धीवर आणून घरी पाठवला.

"बिबट्यापण," महमूद म्हणाला.

"अरे, तो मी माझ्या पप्पांना सांगितला होता. शेवटच्या आजारात. मी वसईला गेलो तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते. कांदा हुंगवला म्हटल्यावर हसले. मोठ्यानं. बहीण ॲलिस आतून धावत आली, काय झालं म्हणून." अँब्रोजनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्यानंतर नाही हसले."

महमूदनं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"मग तो ठेवू काय?" त्यानं विचारलं.

"शपथेवर?"

"नाय, शपथेवर नाय होणार."

"मग काय ठेवतो! सांग पुढे." आणि त्यानं बिबट्या टाइप केला, पण त्या नंबरनंतर एक ओळ मोकळी सोडली.

अकरा नंबर झाले. दारात उभी राहून ऐकणारी नसीमा म्हणाली, "हंड्याचं पण लिवा."

"ती शिकार नव्हती."

"अम्मीच्या तांब्याच्या हंड्याला आरपार भोक पाडलंत ते? सगळं खरं लिवायचं म्हणतांव ना? मग लिवा की. तेवढं एकच तर लागलंय तुमच्या गोळीला."

हंडा लिहिला. अँब्रोजनं विचारलं, "आता शेवटी खरा आकडा लागेल. एकूण बार किती टाकलेस तू स्वतः? चाळीस-पन्नास लिहू?"

"चार."

"चाळीस?"

"चार, अँब्रोज. पहिला एकोणिसाव्या वर्षी, खांदा महिनाभर सुजलेला. दुसरा हंड्याचा. तिसरा ईदच्या आदल्या दिवशी, वानरं आलेली तेव्हा. आणि चौथा मी हिकडे यायला निघालो त्या सकाळी. बॅग भरलेली होती. अब्बा काय बोलणारे नव्हते. बंदूक हातात दिली आणि म्हणाले, जा, एक बार टाक आणि मग जा. मी आभाळात टाकला. तेवढ्यात एसटी आली. बंदूक त्यांच्या हातात देतानाच कंडक्टरनं बेल मारली. मागे वळून बघितलं तर ते नळी पुसत होते. मी गेलो तरी वर बघितलं नाय त्यांनी."

अँब्रोज टाइप करायचं विसरला. "हे तू कधी सांगितलं नाहीस, महमूद."

"ह्यात सांगण्यासारखं काय हाय? काहीच मेलं नाय."

शपथपत्र घेऊन दोघे भारताच्या एंबसीत गेले. काउंटरवरच्या शिवदास नावाच्या कारकुनानं शिक्का मारण्यापूर्वी पहिलं पान वाचलं, मग खुर्ची पुढे ओढून दुसरं वाचलं, मग आतल्या दोघांना बोलावून तिसरं मोठ्यानं वाचून दाखवलं. आयुष्यभर लोक इथे खरं ठरवून घ्यायला येतात, खोटं ठरवून घ्यायला आलेला हा पहिलाच, असं तो म्हणाला. शिक्का मारून झाल्यावर हळूच विचारता झाला, "भाईसाब, तेंदुआ भी?"

"खलास," अँब्रोज म्हणाला. "वो भी."

सुनावणीच्या आधी रमजान लागला. इथे मगरिबला, म्हणजे रोजा सुटायच्या वेळी, किल्ल्याजवळ तोफ उडवतात. गणवेशातले पोलीस रांगेत येतात, तोफेत बार ठासतात, आणि बघायला गाड्यांवर गाड्या लागतात. नसीमाचा डायलिसिसचा दिवस नव्हता म्हणून महमूद तिला किल्ल्यापाशी घेऊन गेला. तिला रोजे माफ होते, पण खजूर ती त्याच्याबरोबरच तोंडात टाकी. गर्दीतल्या बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. पोरांनी आधीपासून कानांवर हात ठेवलेले.

तोफ उडाली. जमीन पायाखाली हलली. पोरं किंचाळली, मोठी माणसं हसली, कुणी टाळ्या वाजवल्या. महमूदनं डोळे मिटले होते. समुद्रावरून आवाज निघून गेला, परत आला नाही. इथे डोंगर नव्हता त्याला परत पाठवायला.

"बघितलंस?" तो धूर विरेपर्यंत थांबून म्हणाला. "ही सरकारची हाय म्हणून लोक पोरांना दाखवायला आणतात. आपली एवढीशी, तर पेपरात."

"खजूर खावा आधी," नसीमा म्हणाली. मग थोड्या वेळानं: "जीव लई अडकलाय ना?"

त्यानं खजूर तोंडात टाकला. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सुनावणी तिकडच्या साडेअकराला, म्हणजे बहरैनच्या नऊला होती. महमूदनं गोदामातच मागच्या बाजूला दोरखंडाच्या रिळावर बसून फोन लावला. अँब्रोज सुट्टी टाकून आला होता. तो समोर फोन धरून उभा राहिला, हात हलू नये म्हणून कोपर रंगाच्या डब्यावर टेकवून. स्क्रीनवर कचेरी दिसत होती. टेबलामागे परवान्यांचा निकाल देणाऱ्या अधिकारी निवेदिता मॅडम, साधारण चाळिशीच्या, समोर फाइल. कडेला गुंडू, इस्त्रीच्या शर्टात, हात जोडूनच उभा.

"सोलकर, तुमचं शपथपत्र मी दोनदा वाचलं," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गरज नव्हती. तरी वाचलं." त्यांच्या मागे कुणीतरी खोकलं. "वनखात्याचाही अहवाल आलाय. तुमच्या भागात एकही शिकार नोंदलेली नाही. तेव्हा पहिला मुद्दा मी सोडते. पण मग मला सांगा, ज्या बंदुकीनं पन्नास वर्षांत एका हंड्यापलीकडे काही मारलं नाही, ती तुम्हाला हवी कशाला?"

अँब्रोजचा हात हललाच. महमूद रिळावरून उठून उभा राहिला.

"मॅडम, दारातला कुत्रा पन्नास वर्षं कुणाला चावला नाय, तर तो बिनकामाचा की चांगला?"

"बोला."

"आमची बंदूक मारायला नायच. आवाजाला हाय. एक बार झाला की जनावर जातं, मरत नाय. ती ठाण्यात गेली तेव्हापासून आमच्या खोऱ्यात लोकांनी काय केलंय, विचारा गुंडूला. कुणी कुंपणात वीज सोडलीय. कुणी पिठात बॉम्ब घालून ठेवतोय. त्यात डुक्कर मरतं, आणि उद्या माणूस मरेल. परवान्याची बंदूक काढून घेतलीत म्हणून राखण थांबत नाय, मॅडम. ती नुसती चोरून होते. आणि ज्यांनी कधी परवानाच काढला नाय, त्यांच्या दारात कुठल्या निवडणुकीत कोण गेलं? मी माझी बंदूक तुमच्या वहीत लिवून दिली. त्याची मना शिक्षा मिळतेय, एवढंच मना दिसतं."

कचेरीत पंख्याचा आवाज येत होता. निवेदिता मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही शपथपत्रात का लिहिलं नाहीत?"

"शपथपत्र खोट्याचं होतं, मॅडम. खऱ्याला जागा उरली नाय."

त्या हसल्या, पण लगेच आवरून म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मी नोंदवते. बिनचूक नोंदवते. पण दुसरा मुद्दा राहतो. हा परवाना शेत राखणाऱ्याला आहे. तुम्ही एकतीस वर्षं तिथे आहात. रिटेनर हा मालकाच्या मदतीला असतो, मालकाऐवजी नाही. तेव्हा सरळ सांगा. तुम्ही परत कधी येताय? महिना सांगा, मी तोवर निर्णय थांबवते."

उत्तर महमूदच्या जिभेवर तयार होतं. ते एकतीस वर्षं तयार होतं. 'पुढच्या हापूसाला.' अब्बांना तो हेच सांगत आला होता, अब्बांच्या मयतीला पोचू शकला नाही तेव्हा भावकीला हेच सांगितलं होतं, गुंडूला दर वर्षी सांगायचा आणि गुंडू दर वर्षी पडवीतली धूळ झाडून ठेवायचा. शपथपत्राच्या अकरा नंबरांत हे वाक्य आलं नव्हतं. कुणी खोटं म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, त्यानं स्वतःही.

अँब्रोज फोनच्या मागून ओठ हलवत होता. सांग, काहीही सांग. जून सांग.

आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास नसीमा मशीनवर असे. मशीनजवळ नाझिश उभी असे. कोंडसवणीतून सर्वांत जवळचं तसलं मशीन अडीच तासांवर, तेही रस्ता धड असेल तर.

"मी येणार नाय, मॅडम," महमूद म्हणाला.

स्क्रीनवर गुंडूनं जोडलेले हात सोडले.

"येऊ शकत नाय. माझी बायको आजारी हाय, तिचं औषधपाणी हिकडेच हाय. ती हाय तोवर मी हिकडे." तो परत रिळावर बसला. "बंदूक वितळवू नका. गुंडूच्या नावावर करा. त्याची वाडी हाय, तो तिथंच राहतो, एकोणीस वर्षं त्यानंच ती धरलीय. त्याला शेतीचा परवाना द्या आणि माझी बंदूक त्याला द्या."

"भाई, काय बोलतांव!" गुंडू कचेरीतच ओरडला. "सोलकरांची बंदूक ती. लोक काय म्हणतील? भाई परदेशात हायत ते बघून गुंड्यानं गिळली म्हणतील."

"म्हणू देत. त्यांना सांग, आठव्या डुकराची गोष्ट खोटी होती, ही खरी हाय."

"मी नाय घेनार."

"मग भट्टीत जाऊ दे?"

मॅडम दोघांकडे आलटून पालटून पाहत होत्या. मग त्यांनी गुंडूकडे कोरा अर्ज सरकवला आणि म्हणाल्या, "मांडवकर, बसा. नाव सुवाच्य लिहा."

फोन बंद झाल्यावर अँब्रोजनं कोपर चोळलं. "जून म्हणाला असतास तर चाललं असतं."

"व्हय. मना सुचलं होतं," महमूद म्हणाला, आणि जहाजावरून आलेली मागणीची यादी वाचायला लागला. एकच ओळ तो बराच वेळ वाचत होता.

'खाडीकिनारा'नं खुलासा छापला, सातव्या पानावर, वधू-वर पाहिजेच्या खाली. 'सदर आठ रानडुकरांपैकी एकही मेलेले नाही, असे बंदूकमालक कळवितात.' अर्शदनं व्हिडिओ काढून टाकला. हॉटेलात महमूदला कुणी डुकरांबद्दल विचारेनासं झालं. लोक त्याला आता पावसापाण्याचं विचारत, आणि तो अचूक उत्तर देई.

गुंडूचा परवाना एप्रिलच्या शेवटी झाला. तोवर निम्मा आंबा वानरांनी नेला होता. बंदूक ठाण्यातून आणली त्या संध्याकाळी त्यानं फोन केला. इकडे दुपारचे साडेतीन. महमूद गोदामाबाहेर कंटेनरच्या सावलीत येऊन उभा राहिला.

"भाई, उतरणीवर हाय. पहिला बार तुमच्या नावानं. टाकतंय हां."

"फोन लांब धर. कानाशी नको."

"कलमाखाली ठेवलाय दगडावर. टाकतंय."

महमूदनं फोन कानावर दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं. बंदरातल्या क्रेनचा खडखडाट ऐकू येईनासा झाला. गुंडूची चप्पल पाचोळ्यावर वाजली. मग एकदम काहीच नाही. कुणी दार लोटून घ्यावं तसा फोन मुका झाला. आजकालच्या फोनांना मोठा आवाज सोसत नाही, ते तो आतल्या आत गिळतात. मुकेपणा सरला तेव्हा कावळे ओरडत होते, लांब कुठेतरी एक कुत्रा भुंकत होता, आणि बार होऊन गेलेला होता.

"भाई! आयकलांव ना?"

महमूदनं दुसऱ्या कानातलं बोट काढलं.

"आयकला म्हंजे? कान बसला माझा, गुंडू. हिकडे गोदामावरची कबुतरं उडाली सगळी. एक जहाज सुटणार होतं, तो कॅप्टन विचारतोय, तोफ कुणी टाकली."

"खरं?" गुंडू तिकडे पोरासारखा खूश झाला.

"तर! अँब्रोजला विचार."

"आता बंद करतो भाई, काजू बघायचेत अजून."

"बंद नको करू," महमूद म्हणाला. "तू जा. फोन तसाच राहू दे थोडा वेळ."

गुंडूनं फोन दगडावर ठेवला आणि तो काजू बघायला गेला.